एकच खोली आहे : तान्ह्यांसाठी पाळणाघर करावे की नाक्यावरच्या मुलांसाठी केंद्र?

पायथा_पार्कसाइट | ९ जून, रात्री ९:४०

नमस्कार. विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगराच्या पायथ्याशी आमच्या मंडळाची एक पक्की खोली आहे, २० फूट लांब आणि १५ फूट रुंद. मखराचे सांगाडे, जुने कर्णे आणि मोडके कॅरमबोर्ड यांनी ती अनेक वर्षे भरलेली होती. उत्सवातून उरणारी रक्कम आणि दोन सभासदांची देणगी मिळून वर्षाला साधारण ४ लाख रुपये हाताशी राहतील, तेव्हा ही खोली वस्तीच्या कामी लावावी असे यंदा कार्यकारिणीत एकमताने ठरले. एकमत तेवढ्यापुरतेच झाले.

एप्रिल महिन्यात आमच्या गल्लीत दोन गोष्टी घडल्या. पाण्याच्या टाकीमागे १४ ते १६ वर्षांची तीन मुले रुमालावर चिकटवायचे सोल्यूशन घेऊन नशेसाठी हुंगताना सापडली, आणि त्यांपैकी एकाला पुढच्याच आठवड्यात मोबाइल चोरीच्या प्रकरणात पोलिसांनी चौकशीला नेले. त्याच महिन्यात दीड वर्षाचे एक बाळ पाण्याच्या पिंपात डोके खाली करून पडले. आई धुणीभांड्याच्या कामाला गेली होती. आठ वर्षांच्या बहिणीने त्याचे पाय धरून ओढले, म्हणून ते वाचले.

आता मंडळात दोन तट आहेत. एक म्हणतो की पाळणाघर काढा, दुसरा म्हणतो की ही वाढती मुले हातची जात आहेत, आधी त्यांचे पाहा. दोन्ही बाजूंची माणसे कळकळीने बोलत आहेत, त्यामुळे निर्णय अधिकच अवघड झाला आहे. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

शुभदा_मुलुंड | ९ जून, रात्री १०:२५

मी २२ वर्षे बालवाडी चालवली, त्यामुळे माझे मत लहानग्यांच्या बाजूने आहे हे आधीच सांगते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलँटी या गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब घरांतील १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांतील ५८ मुलांना वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी रोज अडीच तासांची उत्तम बालवाडी मिळाली आणि शिक्षिका दर आठवड्याला त्यांच्या घरी जात. उरलेल्या ६५ मुलांना हे काही मिळाले नाही. ती सगळी चाळिशीची झाल्यावर पाहणी केली, तेव्हा पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण बालवाडीतल्या गटात ३६ टक्के आणि दुसऱ्या गटात ५५ टक्के निघाले. टाकीमागच्या तीन मुलांची गोष्ट त्यांच्या तिसऱ्या वर्षीच सुरू झाली असावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते. खोली एकच असेल तर ती तान्ह्यांना द्या.

गल्ली_क्रमांक_७ | ९ जून, रात्री ११:१०

शुभदाताई, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. जो मुलगा आज पंधराचा आहे त्याला कोणी पुन्हा तीन वर्षांचा करू शकत नाही. त्याच्यासाठी तुमच्या आकडेवारीत काय आहे? शिवाय त्या प्रयोगात पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका होती. आपल्या वस्तीत एका बाईंच्या पदराला तीस मुले लोंबकळत असतात.

मी अशाच नाक्यावर वाढलो. लोकांना वाटते की मुले नाक्यावर उनाडक्या करायला जातात. आमचे घर १० बाय १० चे, माणसे सात, आणि बाबा पिऊन आले की मी बाहेर. रात्री साडेअकराला आई निरोप पाठवायची की आता ये, ते झोपले. त्या चार तासांत जो कोणी आपलेपणाने बोलेल तो आपला, मग तो काय विकतो हे कोण पाहतो? आमच्यासाठी तेव्हा रात्री ८ ते ११ उघडी असणारी एक खोली असती तर माझे दोन मित्र आज वेगळ्या ठिकाणी असते.

मेधा_के | १० जून, सकाळी ७:५५

दिवसा पाळणाघर आणि रात्री मुलांचे केंद्र, असे एकाच खोलीत का होऊ नये? वेळा तर एकमेकींत अडकत नाहीत.

पाटी_पेन्सिल | १० जून, दुपारी ३:३०

मी कुर्ल्याच्या बाजूला अंगणवाडी सेविका आहे. मेधाताईंची सूचना चांगली आहे. पण ज्यांनी रांगणारी मुले सांभाळली आहेत त्यांना अडचण लगेच कळेल. जमिनीवर पडलेले सगळे रांगते मूल तोंडात घालते. रात्री मुले बसून गेली की सकाळी गुटख्याची पुडी, कॅरमची पावडर, एखादे बटन, काहीही कोपऱ्यात सापडेल. रोज पहाटे फरशी पुसून, सतरंज्या झटकून खोली तयार करणारे माणूस नेमले आणि सामान कुलपात राहिले तरच हे जमेल. दोन्ही कामे जीव ओतून करणारी माणसे थकतात, आणि थकले की आधी स्वच्छता सुटते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली आणि तिने या देशातली असंख्य मुले जगवली, हे मी अभिमानाने सांगते. मात्र अंगणवाडीत दिवसभर मूल ठेवता येते असा अनेकांचा समज असतो, तो बरोबर नाही. तीन ते सहा वर्षांची मुले आमच्याकडे काही तास बसतात, शिकतात, गरम खिचडी किंवा उसळ खातात आणि घरी जातात. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांचे आम्ही वजन घेतो, दंडघेर मोजतो, घरी न्यायचा आहार देतो. पण ते बाळ दिवसभर राहते घरीच. दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला म्हणजे बाळ तीव्र कुपोषित. अशा बाळाला थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा भरवावे लागते. आई सकाळी सातला गेली तर ते कोण भरवणार?

कोण भरवते ते मी रोज पाहते. सकाळी अकरा वाजता, शाळेच्या वेळेत, तेरा वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन आहाराचे पाकीट न्यायला येते. तिच्या डाव्या बाजूच्या कुडत्यावर बाळाच्या लाळेचा डाग कायमचा पडला आहे. मी पहिल्यांदा तिला विचारले, "शाळेत नाही गेलीस?" तर म्हणाली, "बाई, हा झोपला की जाते." तो दोन वाजता झोपतो. शाळेतून तिचे नाव अजून कमी झालेले नाही, ती कुठे चोरी करत नाही, कसली नशाही करत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी बैठक घेत नाही. संकटात सापडलेली किशोरवयीन मुले म्हटले की आपल्यासमोर नाक्यावरचा मुलगा उभा राहतो, कारण त्याचा आपल्याला त्रास होतो. हिचा कोणाला त्रास नाही. माझ्या मते पाळणाघर ही तान्ह्यांची गरज आहेच, पण त्याहून आधी ती या मुलीची गरज आहे.

शुभदा_मुलुंड | १० जून, दुपारी ४:१५

पाटी_पेन्सिल ताई, तुमचा प्रतिसाद वाचून डहाणू तालुक्यातले कोसबाड आठवले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले (ते पुढे कोसबाडला गेले) तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला होता. मोठी मुले शाळेत येत नाहीत, कारण धाकट्यांना सांभाळायचे असते आणि गुरे चारायची असतात. मग मुले शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणात भरवायची, आणि पुढे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी असलेली विकासवाडी त्यांनी उभी केली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि मोठी बहीण शेजारच्या वर्गात. इतके स्पष्ट उदाहरण घरात असताना मी काल परदेशातला दाखला आधी दिला, याची मला आज रुखरुख वाटते.

गल्ली_क्रमांक_७, तुमचा आक्षेप मी मान्य करते. पंधरा वर्षांच्या मुलाला थांबायला सांगणे अन्यायाचे आहे.

लालबागकर | १० जून, रात्री ८:५०

माझे वय ७१. आई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती आणि मी स्वतः गिरणीच्या पाळणाघरात वाढलो आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४८व्या कलमाने ठरावीक संख्येहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्याला पाळणाघर ठेवणे सक्तीचे केले. ती संख्या आधी ५० होती, १९७६ च्या दुरुस्तीने ३० झाली. आमच्या पाळणाघरात पांढऱ्या साडीतल्या एक बाई होत्या. दुधाची ॲल्युमिनियमची किटली त्या पाण्याच्या बादलीत उभी करून ठेवत, तो किटलीचा आवाज मला अजून आठवतो. सुटीत आई पाजायला यायची तेव्हा तिच्या केसांत कापसाचे तंतू असत.

आणि मोठ्या मुलांना व्यायामशाळा होत्या. मल्लखांब, कबड्डी, उस्ताद ओरडायचे, पण एखादा पोरगा दोन दिवस दिसला नाही तर त्याच्या खोलीवर जाऊन चौकशी करायचे. जानेवारी १९८२ चा संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, घरांतले उत्पन्न थांबले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आमच्याच वाडीतली किती मुले कोणाकोणाच्या मागे गेली ते मी डोळ्यांनी पाहिले. ती मुले जन्मतः वाईट नव्हती. घरात चूल पेटत नव्हती आणि बाहेर कोणी पैसे देत होते.

सांगायचे इतकेच की गिरणीतल्या बाईला पाळणाघर कायद्याने मिळाले. आज धुणीभांडी करणाऱ्या बाईचा कारखाना म्हणजे पाच वेगवेगळी स्वयंपाकघरे. तिच्यासाठी पाळणाघर कोणत्या मालकाने काढायचे? २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, ती चांगलीच आहे, पण ही बाई त्या पटावर नाही. म्हणून तुमच्या मंडळासारख्यांनीच ते करायचे आहे.

सुधीर_ठाणे | १० जून, रात्री ९:३०

सर्वांच्या भावना समजतात, पण एक काळजी मांडतो. नशा करणारी, चोरीत सापडलेली मुले एका खोलीत एकत्र आणली तर चांगली मुलेही बिघडतील, आणि त्याच गल्लीत मुलीबाळी राहतात. असा मुलगा दिसला की पोलिसांना कळवावे आणि सुधारगृहात पाठवावे, हेच सगळ्यांच्या हिताचे नाही का?

मृण्मयी_वकील | १० जून, रात्री १०:४५

सुधीरजी, तुमची काळजी अनेकांच्या मनात असते, म्हणून सविस्तर लिहिते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ हा जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात १८ वर्षांखालील मुलाला आरोपी किंवा गुन्हेगार म्हणत नाहीत, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, आणि ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. या मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांपैकी किमान एक स्त्री असते. मोबाइल चोरीसारख्या प्रकरणात साधारणपणे एफआयआर होत नाही. मुलासोबत कोणी सज्ञान आरोपी नसेल तर पोलिस दैनंदिनीत नोंद करतात आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला देतात. कायद्याचा रोख असा आहे की मूल शक्यतो घरीच राहावे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर वेगळे प्राथमिक मूल्यांकन होते, पण टाकीमागच्या मुलांशी त्याचा संबंध नाही.

अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट पुढे आहे. जो कोणी मुलांना नशेचा पदार्थ देतो, त्याला याच कायद्याच्या ७७व्या कलमाखाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यात दारू, अमली पदार्थ आणि तंबाखूचे पदार्थ येतात. कळवायचेच असेल तर विकणाऱ्याचे कळवा.

पायथा_पार्कसाइट यांनाही विनंती आहे. त्या मुलाचे नाव, गल्ली, शाळा, फोटो यांपैकी काहीही मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, कारण ७४व्या कलमाने ओळख उघड करण्यास मनाई आहे. आणि पाळणाघर असो की केंद्र, काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिस पडताळणी करून घ्या व कोणीही प्रौढ मुलांसोबत बंद दाराआड एकटा राहणार नाही असा नियम भिंतीवर लावा. पोक्सो कायद्यानुसार मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, मंडळाच्या अध्यक्षांवरही.

सुधीर_ठाणे | ११ जून, सकाळी ८:१०

धन्यवाद. एफआयआरविषयी मला अजिबात माहिती नव्हती. तरीही सगळ्यांना एकत्र बसवण्याविषयी माझी शंका कायम आहे.

गल्ली_क्रमांक_७ | ११ जून, दुपारी १:०५

सुधीरकाका, ती मुले आजही एकत्रच बसतात, टाकीमागे. खोलीत बसली तर त्यांच्यासोबत एक मोठा माणूस असेल, एवढाच फरक आहे आणि माझ्या मते तो मोठा आहे.

मी गेली सहा वर्षे एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका सांभाळतो. आल्या आल्या समुपदेशन सुरू केले तर मुलगा दुसऱ्या दिवशी येत नाही. पहिले दोन महिने फक्त दार वेळेवर उघडायचे. आठ म्हणजे आठ. चहा, कॅरम, मोबाइल चार्ज करायला जागा, आणि एकच माणूस रोज. तो माणूस बदलला की सगळे पुन्हा शून्यापासून सुरू होते. नंतर मुलगा स्वतःच बोलायला लागतो, बहुतेक वेळा निघताना, चप्पल घालता घालता.

ज्याला खरोखर व्यसन लागले आहे त्याच्यासाठी मात्र कॅरम पुरेसा नाही. सोल्यूशन हुंगणाऱ्या मुलाला डॉक्टरकडेच न्यावे लागते. सायन, केईएम आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभागाचा बाह्यरुग्ण कक्ष आहे, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरून बोलता येते. पहिल्या वेळी मुलासोबत आपण जायचे, कारण केसपेपरच्या रांगेतूनच तो परत फिरतो. अडचणीत असलेल्या कोणत्याही मुलासाठी १०९८ ही फोनवरची मदतसेवा आहेच. ती सेवा १९९६ साली याच मुंबईत सुरू झाली.

मेधा_के | ११ जून, दुपारी २:२०

पैशाचे काय? वर्षाला ४ लाख म्हणजे महिन्याला ३३ हजार. त्यात दोन बायांचे पगार, दूध, वीज.

पाटी_पेन्सिल | ११ जून, दुपारी ४:००

मेधाताई, हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण बाळांचे काम म्हटले की बायकांनी ते मायेपोटी करावे असे सगळे धरून चालतात. आम्हाला पगार नाही, मानधन आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर आमचा संप झाला तो याचसाठी. अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. तुमचे मंडळ जे देईल ते दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या आणि त्याला पगार म्हणा.

सरकारी पाळणाघराच्या योजनेत २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस धरतात. तुमची खोली ३०० चौरस फुटांची, म्हणजे २५ मुलांना प्रत्येकी १२ चौरस फूट. त्यातून ओटा, मोरी आणि कपाट वजा करा. सगळी तीन वर्षांखालची असतील तर १५ च्या वर घेऊ नका, पंधरावे मूल रडायला लागले की कारण कळेल. आईकडून थोडी फी अवश्य घ्या. फुकट म्हटले की तिला तक्रार करायचा संकोच वाटतो.

पायथा_पार्कसाइट | २२ जून, रात्री १०:१५

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. मधल्या काळात पाऊस सुरू झाला आणि वरच्या अंगाला दोन घरांच्या भिंती खचल्या, त्यात सगळे गुंतलो होतो.

इथले प्रतिसाद छापून कार्यकारिणीत वाचले. त्यानंतर आम्ही चौघे चार संध्याकाळी डोंगरावरच्या घरांत गेलो आणि आयांना वेळा विचारल्या. आमचा समज होता की पाळणाघर नऊला उघडावे. एकीही नऊ म्हणाली नाही. घरकाम करणाऱ्या सकाळी साडेसहाला निघतात, दुपारी दोनला येतात, पुन्हा चारला जातात. कार्यालयांत साफसफाईला जाणाऱ्या तर सहालाच बस पकडतात. एका घरात बाळाच्या पायाला जुन्या साडीचा काठ बांधून दुसरे टोक खाटेच्या पायाला बांधले होते. आईने आम्हाला पाहताच ते घाईघाईने सोडले आणि आम्ही काहीही विचारले नसताना सांगू लागली की दोरी टोचते म्हणून साडी वापरते. त्या घरातून बाहेर आल्यावर आमच्यातले जे सभासद पाळणाघराला विरोध करत होते ते बराच वेळ बोलले नाहीत.

खोली पाळणाघराला द्यायचे ठरले आहे. सकाळी सहा ते संध्याकाळी सात, तीन वर्षांखालची १५ मुले. ज्यांच्या घरी मोठी बहीण शाळा बुडवून सांभाळते त्यांना पहिला प्रवेश, हा नियम पाटी_पेन्सिल ताईंमुळे आला. वस्तीत अशा नऊ मुली आम्हाला आढळल्या. त्यांपैकी दोघींची नावे आम्ही यादीत लिहीत असताना त्यांच्या आयांनी विचारले की मग ती घरी काय करेल. त्यांच्याशी अजून बोलावे लागणार आहे.

नाक्यावरच्या मुलांसाठी ही खोली वापरायची नाही असे ठरले, आणि त्यावरून वाद झाला, तो मिटलेला नाही. तूर्त मंडळाच्या कार्यालयाचा व्हरांडा ताडपत्री आणि पत्रे लावून रात्री आठ ते अकरा उघडा ठेवणार आहोत. गल्ली_क्रमांक_७, तुम्ही म्हणता तसा रोज येणारा एकच माणूस आम्हाला अजून मिळालेला नाही. आठवड्याचे वार वाटून घ्यायला सहा जण तयार आहेत, पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा उपयोग नाही. आपण एकदा येऊन भेटू शकाल का?

टाकीमागच्या तिघांपैकी दोघे परवा सामान हलवायला आले होते. बोलावले नव्हते. मोडक्या कॅरमबोर्डांपैकी एक दुरुस्त होईल असे त्यांचे म्हणणे आहे, आणि तो बोर्ड ते दोघे घेऊन गेले आहेत.

गल्ली_क्रमांक_७ | २२ जून, रात्री ११:०५

शनिवारी येतो. मी रोज येणारा माणूस होऊ शकणार नाही, माझी अभ्यासिका आहे. पण तुमच्याच वस्तीतल्या २२-२३ वर्षांच्या एखाद्या मुलाचा शोध घेऊ, ज्याने हे सगळे पाहिले आहे आणि ज्याला कामाची गरज आहे. त्याला ठरलेला पगार द्यावा लागेल, तेवढी रक्कम आताच बाजूला काढून ठेवा. दोघांनी बोर्ड नेला आहे तर तो परत मागू नका.

पाटी_पेन्सिल | २३ जून, दुपारी ३:४५

तुमच्या विभागातल्या अंगणवाडीच्या सेविकेला आधी जाऊन भेटा. वजने आणि लसीकरणाच्या नोंदी तिच्याकडे असतात आणि बाळांचा आहारही तिच्याचकडून मिळतो, म्हणून तिला वगळून काही सुरू करू नका. खोलीत पाण्याचे पिंप ठेवणार असाल तर झाकणाला कडी लावा आणि ते ओट्यावर ठेवा. मोरीला उंबरठा आणि दाराला कमरेएवढे फाटक हवे. ज्या दोन आयांनी विचारले की मुलगी घरी काय करेल, त्यांच्याकडे पुन्हा जाताना मला सांगा, मी सोबत येईन.